तरंगणाऱ्या विमानाचा पहिला आराखडा

हवेत जागच्या जागी तरंगणाऱ्या, रिमोटने उडवायच्या छोट्या विमानाचा तुमचा आराखडा पाहिला. कल्पना चांगली आहे, परंतु चार कलत्या (वरून पुढे वळणाऱ्या) मोटरींचे विमान पहिल्याच खेपेस करू नका. एका मोटरचे, नाक वर करून तरंगणारे फोमचे हलके विमान आधी करा.

तरंगताना पंखांची उचल जवळजवळ नसते, सगळा भार प्रोपेलर पेलतो. म्हणून त्याचा जोर बॅटरीसह एकूण वजनाच्या निदान दीडपट असावा, आणि तो कागदावरून न धरता शेपूट हुकाच्या वजनकाट्याला बांधून मोजावा. मी जानेवारीत मोजून निर्धास्त झालो होतो. मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी, विरळ तापल्या हवेत, तेच विमान कंबरेच्या वर जाईना.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोनच: शेपटीकडे गोंद थापून गुरुत्वमध्य मागे नेणे (तो पंखाच्या पुढच्या कडेपासून, पुढची ते मागची कड या रुंदीच्या सुमारे २५ टक्क्यांवर ठेवा) आणि सुकाणू, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, लहान ठेवणे. तरंगताना सुकाणूंवर फक्त प्रोपेलरचा झोत येतो, त्यामुळे ती त्याच झोतात आणि मोठी हवीत.

जायरोचे, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाचे, नंतर पाहू. उडवायला होटगी रस्त्याचा विमानतळ परिसर आणि नान्नजचे माळढोक अभयारण्य सोडून मोकळे माळरान शोधा, आणि सकाळी सातच्या आत या.