टाइल कटर घेण्याआधी फरशी उलटी करून बघा

प्रश्न : एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो आहे, हत्यारांची सवय आहे. घरच्या बाथरूमची (५ बाय ७ फूट) फरशी स्वतः बसवायची ठरवली आहे. भिंतीला १२ बाय १८ इंची सिरॅमिक सात फुटांपर्यंत, खाली १२ बाय १२ ची अँटिस्किड. दुकानदार पाण्याचं टेबलवालं मशीन गळ्यात मारतोय, बारा हजार सांगतो. मुलगा म्हणतो, दोन हजारांचा मार्बल कटर ऑनलाइन मागवू. मला सहा हजारांच्या वर जायचं नाही. काय घेऊ?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : दुकानदाराचं ऐकू नका, आणि मुलाचंही अर्धंच ऐका.

आधी हिशेब करा. १८ इंची बाजू आडवी लावलीत तर पाच फुटी भिंतीवर तीन अख्ख्या बसून सहा इंच उरतात, सात फुटी भिंतीवर चार अख्ख्या बसून फूटभर. म्हणजे दर थराला, दर भिंतीला एक तुकडा. सात थर, चार भिंती : २८ काप, आणि सगळे सरळ. दाराच्या भिंतीवर थोडा फरक पडेल, पण सरळ कापाला वीज लागतच नाही, पाणीही नाही. दोन फुटी हँड कटर घ्या. चाक फरशीवर एकदाच, सारखा दाब देत ओढायचं. पुढे-मागे घासलंत की रेघ दुहेरी होते आणि फरशी भलतीकडे फुटते. मग दांडा दाबला की कट्‌. बरा हँड कटर तीनएक हजारांत येतो, ओळखीच्या मिस्त्रीकडून चार दिवस मागून आणलात तर तेही वाचतील.

आता हे तुमच्या फरशीला चालेल का? एक फरशी उलटी करा आणि पाठीवर चार थेंब पाणी टाका. पाणी बघता बघता जिरलं तर ती भिंतीची सिरॅमिक, मऊ माती, हँड कटरला बिनतक्रार तुटणारी. थेंब तसेच उभे राहिले तर व्हिट्रिफाइड, म्हणजे दाट आणि कडक. भिंतीची सिरॅमिक स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा नाही. यंत्राचा कस लागतो तो या दुसरीला कापताना.

तुमच्या यादीत हँड कटरला न जमणारं काय उरतं? नळांची भोकं, नहाणी ट्रॅपच्या जाळीची खाच, दाराच्या चौकटीचा कोपरा. शिवाय अँटिस्किडचे तुकडे, कारण तिच्या वरच्या खडबडीत बाजूवर चाक उड्या मारतं. एवढ्यासाठी ११० मिलिमीटर पातीचा, हातात धरायचा मार्बल कटर पुरे. नळाच्या गोल भोकाला मात्र तोही नको, ड्रिलला लावायचं डायमंडचं होल सॉ घ्या. हँड कटर आणि मार्बल कटर मिळून तुमच्या सहा हजारांत बसतात.

मार्बल कटर घेताना वॉटचा आकडा शेवटी बघा. आधी बघा पाण्याची नळी जोडायला तोटी आणि छोटा कॉक आहे का. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांना तो नसतो. मग कोणीतरी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून शेजारी बसतं आणि धार यंत्रावरच पडते. बाटलीनंच काम भागवायचं असेल तर धार पातीच्या पुढे, रेघेवर पडू द्या. मोटरच्या हवेच्या जाळीत पाणी गेलं की शॉकचा धोका आहे. म्हणून बसवलेल्या फरशीवर, भिंतीला उभं धरून ओलं कापायचं नाही. बाहेर अंगणात, फळीवर आडवी ठेवून कापा. कापाची खोली ठरवणारा मागचा नट घट्ट बसतो का, खालची पत्र्याची पट्टी सरळ आहे का, तेही दुकानातच बघा. पट्टी वाकडी असली तर हात कितीही सराईत असो, काप तिरकाच येणार.

घराच्या मेन बोर्डाला ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारं बटण) नसेल तर कटरच्या आधी तो खर्च करा. त्यात काटकसर नको. पायात रबरी चप्पल हवी आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता जमिनीवर पडेल. आणि पायाखाली फरशी दाबून धरून कापणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील, तो भाग शिकू नका.

जाळीची खाच कापताना आतल्या कोपऱ्यात आधी ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात नेऊन थांबवा. काटकोनात थेट काप भिडवलात की तिथून तडा जातो, तोही बहुतेक वेळा फरशी बसवून झाल्यावर.

प्रश्न : दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड फरश्यांना नवीन पातीनंही टवके उडतात. पाती ग्रॅनाइटची म्हणून महाग घेतली होती. आता तर ती कापतच नाही, नुसती ठिणग्या काढते. गॅलरीत राडा नको म्हणून आम्ही कोरडंच कापतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एका पत्रात तीन दुखणी आहेत.

ग्रॅनाइटच्या पातीला कडेनं खाचा असतात. प्रत्येक खाच फरशीच्या चकचकीत थरावर आपटते आणि टवका उडवते. फरशीला अखंड कडेची पाती लागते, आणि ती साधी असली तरी चालते. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावा, पहिला फेरा दीड-दोन मिलिमीटर खोल मारा, मग आरपार जा.

पाती संपली असेल असं वाटत नाही, ती गुळगुळीत झाली आहे. हिऱ्याचे कण धातूत रोवलेले असतात. वरचे कण बोथट झाले की भोवतीचा धातू झिजून खालचे नवे कण उघडे पडायला हवेत. व्हिट्रिफाइड इतकी दाट असते की धातू झिजतच नाही. वाळूच्या मऊ विटेत किंवा सिमेंटच्या ठोकळ्यात चार-पाच काप मारून बघा, पाती पुन्हा धरायला लागेल. फिरण्याचा बाण मात्र यंत्राच्या बाणाशी जुळवा.

कोरडं कापणं आजच बंद करा. फरशीत क्वार्ट्‌झ असतो. त्याची जी बारीक धूळ फुप्फुसात जाते ती डोळ्यांना दिसतही नाही, आणि सिलिकोसिस त्यातूनच होतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. शेजारच्या दोरीवरचे कपडे वेगळेच. पाणी पुरेसं आहे की नाही ते कापातून निघणाऱ्या राडीवरून ओळखा : पातळ ताकासारखी वाहायला हवी. घट्ट झाली, की कॉक थोडा उघडा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहतो. इथे कारागिराची मजुरी परवडत नाही, म्हणून सगळे घरीच करतात. १८० मिलिमीटर पातीचं टेबल कटर स्वस्तात दिसतंय. स्वयंपाकघराला ६०० बाय १२०० च्या पोर्सिलेन फरश्या आणल्या आहेत. पुरेल का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : इस्लामपूरच्या वाचकांना जे नको म्हणालो, ते तुमच्यासाठी चांगलं आहे, पण अर्ध्याच कामाला.

या टेबलाच्या मोटरला कार्बन ब्रश नसतात. मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेते, मार्बल कटर बारा हजारांच्या आसपास. त्यामुळे आवाज कमी, शेजाऱ्यांची तक्रार कमी, आणि पाती खालच्या ट्रेमधूनच पाणी उचलते. दोन्ही हातांनी फरशी हळू सरकवायची, ढकलायची नाही. टेबल कलवून ४५ अंशांची कड मारता येते. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन फरश्या भिडवताना हे काम हँड कटरकडून होत नाही.

अडचण लांबीची. या टेबलावर १२०० मिलिमीटरची फरशी निम्म्याहून जास्त अधांतरी राहते, आणि तिच्या वजनानं काप संपायच्या आतच तुकडा मोडतो. दोन्ही बाजूंना टेबलाच्या उंचीचे ठोकळे किंवा स्टूल लावा. मार्गदर्शक पट्टीही पातीपासून फार लांब सरकत नाही, त्यामुळे फरशीच्या मधून उभा काप तिच्या आधारानं मिळणार नाही. असे लांब काप मोजून ठेवा, सगळे एकाच शनिवारी उरका आणि त्या दिवसापुरता लांब रुळाचा कटर भाड्यानं आणा. विकत घेण्याची गरज नाही. खाचा, छोटे तुकडे आणि ४५ अंशांचं काम तुमच्या टेबलावर.

पट्टीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. पाती आणि पट्टी यांतलं अंतर पुढून-मागून टेपनं मोजा, कोपऱ्याला गुण्या लावा, मगच चांगली फरशी ठेवा. ट्रेमधलं पाणी दर दोन-तीन तासांनी बदला, नाहीतर पाती गाळातच फिरते. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं निवळ पाणी टाका आणि तळाचा चिखल पिशवीत भरून कचऱ्यात. पाइपात एकदा बसला की प्लंबरला बोलवावं लागेल, आणि त्याची मजुरी काय असते ते मला इथे बसून सांगायला नको.