"ताई, पोरीले जन्माचं दुखणं लागलं का?"

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळकडच्या एका खेड्यातला बाप नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्यासमोर बसला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नागपूरला पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड देऊन तिला सुट्टी मिळाली होती. त्याच्या मांडीवर एमआरआयची पिशवी, हातात मोबाइल.

"डोयाच्या नसेले सूज आली म्हणते. याच्यात लिहून हाय, अर्ध्या लोकाईले पुढं एमएस होते. लगीन कसं होईन तिचं?" एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो दीर्घ आजार.

पोरीला आधी सर्दी-ताप होऊन गेला होता. मग डोळा फिरवला की दुखायचा, फळा दिसेना. शाळेत चष्म्याचं ठरलं, आजीनं दृष्ट काढली. डॉक्टरांनी लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरलं, तेव्हा ती म्हणाली, "इकडून लाल, तिकडून धुतल्यासारखं." नस सुजली की लाल रंग असा विटतो. लेकरं हे आपणहून सांगत नाहीत, म्हणून उशीर होतो. त्यासाठी मी कुठल्याच आजीला बोल लावत नाही.

मोबाइलवरचा आकडा खोटा नव्हता. तो अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातला, पण त्यातले रुग्ण १८ ते ४६ वर्षांचे. १५ वर्षांत त्यांतल्या निम्म्यांना एमएस झाला. मात्र सुरुवातीला मेंदूचा एमआरआय स्वच्छ होता, त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के आणि डाग होते त्यांच्यात ७२. लहान लेकरांत ही सूज बरेचदा तापानंतर येते, नजरही बहुतेकांची चांगली परतते. हिच्या मेंदूत डाग नव्हते. रक्तात मॉग नावाची अँटिबॉडी सापडली होती. या अँटिबॉडीमुळे होणारा आजार एमएसहून वेगळा. तोही पुन्हा होऊ शकतो, हे मी लपवलं नाही. लग्नाचं मात्र स्पष्टच सांगितलं, "दादा, नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळावर आज काही लिहू नका."

जास्त वेळ गेला गोळ्यांवर. स्टेरॉइडनं तोंड सुजतं, भूक वाढते, चिडचिड होते. ते पाहून घरचे गोळ्या मधेच बंद करतात, आणि माझा जीव तिथंच धास्तावतो. डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच उतरवायचा. प्रत्येक कागदाचा फोटो ठेवायचा, तारीख चुकवायची नाही.

मे महिन्यात त्याचा फोन आला, आवाज कापत होता. "वावरातून आली अन् म्हणते, पुन्हा धुसर दिसते."

"सावलीत बसवा, पाणी पाजा, अर्ध्या तासानं मला सांगा."

बरी झालेली नसही अंग तापलं की थोडा वेळ मंदावते, आणि आपल्याकडचं ऊन ४५ अंशांचं. तो नवा झटका नसतो. नजर दिवसभर परतलीच नाही, किंवा डोळा फिरवताना पुन्हा दुखू लागलं, तर मात्र उद्यावर न टाकता थेट दवाखाना.

वीस मिनिटांनी फोन वाजला. पोरगीच बोलत होती, "ताई, आता कॅलेंडरातला लाल रविवार दिसते."