भिंतीवरची भेग काय सांगते?

भूकंपानंतर इमारती तपासणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरांच्या कामाबद्दल बालवाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळच्या सदरात देत आहोत.

भूकंप झाल्यावर इंजिनिअर घरात शिरून सगळ्यात आधी काय बघतात? (इयत्ता सहावी, लातूर)

सगळ्यात आधी ते घरात शिरतच नाहीत. इमारतीपासून निदान तिच्या उंचीइतकं अंतर राखून ते चारही बाजूंनी फिरतात. एकटं कुणी जात नाही, दोघांची जोडी असते. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), मोजपट्टी, भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी आणि नोंदीचा फॉर्म एवढं सामान पुरतं. त्या दिवशी त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: आज रात्री इथे माणसं झोपू शकतील का? दुरुस्ती कशी करायची, खर्च किती येईल, हे सगळं नंतर.

बाहेरून बघताना नजर आधी वर जाते. गच्चीचा कठडा सुटलाय का, छज्जा लोंबतोय का, पाण्याची टाकी सरकलीय का? हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असतं, त्यामुळे ती कडेला आली असेल तर खालून कुणालाच जाऊ देत नाहीत. मग जोत्याजवळची जमीन खचली आहे का ते पाहतात. शेजारची इमारतही पाहावी लागते. आपलं घर धडधाकट असलं तरी शेजारची कललेली इमारत त्यावर पडणार असेल, तर तेही रिकामं ठेवावं लागतं.

इमारत कलली आहे का, हे डोळ्यांच्या भरवशावर सांगत नाहीत. कॉलमशेजारी (म्हणजे इमारतीच्या उभ्या खांबाशेजारी) वरून ओळंबा सोडतात आणि दोरीपासून कॉलमपर्यंतचं अंतर वर आणि खाली मोजतात. वर ५ सेंटिमीटर आणि खाली ८ सेंटिमीटर भरलं, तर कॉलम दोरीच्या बाजूला ३ सेंटिमीटर झुकलेला आहे.

बाहेरचं सगळं ठीक वाटलं तरच आत. आत गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी उडू शकते. तिथून आधी बाहेर पडायचं. तसं काही नसेल तर तपासणी तळमजल्यापासून सुरू होते, कारण वरचा सगळा भार तिथेच येतो. तळाला पार्किंग असलेल्या इमारतींत तर हे फारच महत्त्वाचं. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो, खाली मात्र नुसते कॉलम उभे. सगळं हेलकावणं त्या एकाच मजल्यावर येतं. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती कोसळल्या.

प्रत्येक भेग धोक्याची असते का? (इयत्ता सातवी, सातारा)

नाही. भेग किती लांब आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, हे आधी बघायचं.

काड्यापेटीचं रिकामं कव्हर घे, टेबलावर आडवं ठेव आणि वरची कड बोटाने बाजूला ढकल. चौकोन तिरका होतो. त्याचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखूड होतो. भूकंपात भिंतीचंही असंच होतं. पण वीट आणि सिमेंट ताण सोसत नाहीत, म्हणून लांबणाऱ्या कर्णाला आडवी, म्हणजे भिंतीवर तिरकी, भेग पडते. जमीन उलट दिशेने हलली की दुसरी तिरकी भेग पडते आणि भिंतीवर फुली उमटते. दोन खिडक्यांमधल्या अरुंद भिंतीवर ही फुली हमखास दिसते.

बीम (वरची आडवी तुळई) आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ आडवी रेघ बहुधा गिलाव्याची असते. तिने घाबरायचं कारण नाही. मात्र फुलीतल्यासारखी तिरकी भेग कॉलमवर दिसली तर बारीक असली तरी इंजिनिअर तिथे थांबतो. कॉलमच्या टोकाशी काँक्रीट फुटून सळ्या उघड्या पडल्या असतील तर तो रिंगा बघतो. रिंगा म्हणजे उभ्या सळ्यांभोवतीचे गजाचे चौकोनी वेढे. त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली असली तर ती काँक्रीटमध्ये रुतून राहतात. नुसती काटकोनात वळवलेली असली तर हादऱ्याने उघडतात, मग उभ्या सळ्या बाहेरच्या बाजूला वाकतात.

शाळांमध्ये आणखी एक दुखणी जागा असते. वर्गाच्या खिडक्या रुंद असतात आणि कॉलमला दोन्ही बाजूंनी खिडकीच्या तळापर्यंतच भिंत चिकटलेली असते. त्यामुळे हलायला कॉलमचा वरचा तुकडाच मोकळा राहतो. आखूड कॉलम ताठ असतो, म्हणून तो लांब कॉलमपेक्षा जास्त जोर ओढून घेतो आणि नेमका खिडकीच्या उंचीवर तडकतो.

आकार जिथे एकदम बदलतो तिथे भेगा शोधायच्या, हे कोयना धरणाने दाखवून दिलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला आडव्या भेगा पडल्या, त्या बरोबर त्याच्या पाठीचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला. नंतर धरणाला मागून काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट केलं.

लाल खूण लावली की घर पाडतात का? (इयत्ता पाचवी, पुणे)

तपासणी झाली की इंजिनिअर इमारतीवर रंगीत खूण लावतात. लाल म्हणजे ‘आत जाऊ नका’, एवढंच. पिवळी खूण असली तर ठरावीक भागात किंवा थोड्याच वेळासाठी जाता येतं. हिरवी म्हणजे तपासताना धोका दिसला नाही. लाल खुणेची कित्येक घरं दुरुस्त होतात. आणि हिरवी खूणही कायमची नसते, मोठा हादरा पुन्हा बसला की तपासणी नव्याने करावी लागते. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या इमारती त्यात पडल्या.

किल्लारीत भिंती एवढ्या जाड होत्या, तरी का पडल्या? (इयत्ता आठवी, उमरगा)

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, माणसं गाढ झोपेत होती. तिथल्या घरांची दगडमातीची भिंत बाहेरून एक दिसली तरी आतून दोन होत्या: बाहेरच्या दगडांची एक, आतल्या दगडांची एक आणि मध्ये बारीक दगड व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड घातलेले नसले की हादऱ्याने पदर सुटे होतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. माळवदावरच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरावरच्या, मातीचं ओझं वरून असतंच. जाडीने वजन वाढलं, बांधणी नाही. म्हणून आज दगडी घर तपासताना इंजिनिअर भिंतीचं पोट आणि कोपऱ्यातल्या उभ्या भेगा आधी पाहतात. नव्या बांधकामाला नियम आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक आरपार दगड, शिवाय दारं-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरलं तरी ते काम साधतं.

आमच्या वर्गात एक भेग आहे. ती जुनी की नवी, कसं ओळखायचं? (इयत्ता सहावी, कराड)

टॉर्च तिरका धरून आत पाहा. भेगेत रंग उतरलेला असेल, जाळं किंवा काजळी असेल तर ती जुनी. नव्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात, खाली ताजा भुगाही पडलेला असतो.

ती वाढते आहे का, हे बघायला दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिही. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक ठिपका दे, दोघांत १० सेंटिमीटर अंतर ठेव आणि दर आठवड्याला त्याच वेळी मोज. वेळ तीच हवी, कारण दुपारच्या उन्हाने भिंत फुगते आणि माप बदलतं. ठिपक्यांमधलं अंतर वाढत चाललं किंवा भेग रेघेच्या पुढे गेली, तर वही घेऊन मुख्याध्यापकांना दाखव. दार अचानक अडकायला लागलं, तर तेही त्याच वहीत तारखेसह लिही.