‘सिग्नल्स’मध्ये गिटार मागे का पडली?

प्रश्न : कॅनडातील रश या रॉक बँडचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा अल्बम माझा अत्यंत आवडता आहे. त्यानंतरच्या ‘सिग्नल्स’मध्ये मात्र सर्वत्र सिंथेसायझर ऐकू येतो आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांची गिटार शोधावी लागते. न्यू वेव्हची, म्हणजे तेव्हाच्या सिंथेसायझरप्रधान नव्या रॉक-पॉप प्रवाहाची, चलती पाहून या बँडने आपली वाट सोडली, असे समजावे का?
– एक वाचक

उत्तर : गिटार मागे पडली हे आपले निरीक्षण अचूक आहे, ध्वनिमिश्रणात ती दबली गेल्याची नाराजी स्वतः लाइफसन यांनीही पुढे बोलून दाखवली. वाट सोडल्याचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

सिंथेसायझर या बँडच्या संगीतात १९७७ पासूनच होता. सप्टेंबर १९८२ मध्ये आलेल्या ‘सिग्नल्स’ने बदलली ती तिघा वादकांमधली कामाची वाटणी. ‘सबडिव्हिजन्स’ हे पहिलेच गाणे घ्या. सात मात्रांच्या आवर्तनावर गायक आणि बासवादक गेडी ली सिंथेसायझरनेच गाण्याचा सांगाडा उभा करतात आणि एरवी ती जागा जाड, घोगऱ्या कॉर्ड्‌सनी भरून टाकणारी गिटार इथे मोकळ्या सुरांनी, मधल्या फटींमधून वाजत राहते; तिला स्वतःचे म्हणता येईल असे स्थान मिळते ते शेवटाकडच्या सोलोमध्ये. उपनगरातल्या किशोरवयीन मुलांची घुसमट मांडणाऱ्या, ड्रमर आणि गीतकार नील पर्ट यांच्या शब्दांना हा थंड, सपाट ध्वनी फार शोभतो, आणि माझ्या मते या बदलाचे खरे समर्थन तिथेच मिळते.

हा बदल घरातल्या घरातही सहज पचला नाही. याच अल्बममधल्या ‘डिजिटल मॅन’मधला रेगे आणि स्का या जमैकन शैलींचा ठेका दीर्घकाळ बँडसोबत असलेले निर्माते टेरी ब्राउन यांना रुचला नव्हता, आणि ‘सिग्नल्स’ हाच त्यांनी रशसाठी केलेला त्या काळातला अखेरचा अल्बम ठरला.

बाजारासाठी हे केले असावे, अशी शंका याच अल्बममधल्या ‘न्यू वर्ल्ड मॅन’ या गाण्यामुळे येते, कारण ते कॅनडात पहिल्या आणि अमेरिकेत २१ व्या क्रमांकावर पोहोचले. पण कॅसेटच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखी व्हावी म्हणून उरलेल्या वेळेत बसेल असे एक छोटे गाणे हवे होते, आणि त्या गरजेपोटी ते अतिशय झटपट तयार झाले. सर्वाधिक यश त्यालाच मिळावे, हे कोणी ठरवून घडवलेले नव्हते.

गिटारच हवी असेल, तर ‘सिग्नल्स’मधलेच ‘द अ‍ॅनालॉग किड’ जरूर ऐका. तिथे ती वेगाने धावत सुटते आणि धृपदात सिंथेसायझर येऊन तिची गती अडवतो, त्यामुळे दोघांमधला ताण स्पष्ट कळतो. तसेच ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधले शेवटचे ‘व्हायटल साइन्स’ पुन्हा ऐका. सिंथेसायझरची ठरावीक आवर्तने आणि रेगेच्या अंगाने तुटक वाजणारी गिटार आपल्या आवडत्या अल्बममध्येच, सुमारे दीड वर्ष आधी, हजर आहेत.