लाकडी मजला हलतो, म्हणून त्यावर कोबा घालावा का?

जुन्या घराचा वरचा लाकडी मजला चालताना हलतो आणि मिस्त्री म्हणतात ५० मिमी कोबा (काँक्रीटचा थर) घाला, वजन पडलं की बसेल. करावं का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नको. ‘वजन पडलं की बसतं’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून सरळ हिशेबच मांडतो. ५० मिमी काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण १२० किलो. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून धरतात चौरस मीटरला सुमारे २०० किलो. म्हणजे खोलीत कुणी पाऊल टाकण्याआधीच निम्म्याहून जास्त भार चढला, आणि तोही कायमचा. कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षं वाकतच राहतं. मग कोबा तडकतो, लादी पुसल्याचं पाणी खालच्या पाटांवर (मजल्याच्या फळ्यांवर) झिरपतं आणि तिथे वाळत नाही.

मुळात मजला हलतो म्हणजे तो कमकुवत आहे असं नाही. लांब आणि कमी उंचीची कडी (पाट पेलणारं आडवं लाकूड) धडधाकट असूनही लवते. उलट टोकं कुजलेला मजला हलेलच असं नाही. म्हणून मध्ये उड्या मारून बघण्यात अर्थ नाही. कड्या भिंतीत शिरतात तिथे बघा. न्हाणीघराची भिंत, पन्हळाखालची भिंत, गळक्या छपराचा कोपरा आधी. भिंतीलगतचा एक पाट उचला आणि कडीच्या टोकाला, बाजूंनी आणि खालून, टोच्या (अणकुचीदार हत्यार) खुपसून ढलपी उचकटा. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड चांगलं. कट्कन तुकडा पडला किंवा टोच्या लोण्यासारखा आत गेला तर कूज. ओलावामापक २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर आधी पाण्याची वाट बंद करा, सुतार नंतर.

मग प्लंबर आणि वायरमनची करामत शोधा. २०० मिमी उंच कडीला मध्यावर खालून ५० मिमीची खाच मारली, की उरलेल्या १५० मिमीची ताकद जेमतेम ५६ टक्के आणि ताठपणा ४२ टक्के. खाचेच्या कोपऱ्यातून चीर जाते ती वेगळीच. खाच उंचीच्या सहाव्या हिश्शापेक्षा खोल नको आणि मधल्या तिसऱ्या भागात तर नकोच. भोक उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, वरच्या-खालच्या कडेपासून ५० मिमी सोडून.

कुजकं टोक सिमेंटने लिंपणं हा दुसरा लाडका उपाय. त्याने ओल कोंडते. खाली टेकू द्या, कुजका भाग कापा, शेजारी त्याच उंचीची वाळलेली कडी शक्यतो भिंतीपासून भिंतीपर्यंत घाला आणि आरपार बोल्ट, रुंद वॉशर लावून आवळा. टोकाखाली डांबरी कागद, बाजूंना हवेची फट. बोल्ट किती आणि कुठे, हे भार बघून ठरतं.

तुमचं हलणं? टोकं शाबूत निघाली तर कड्यांमध्ये उभे ठोकळे घट्ट बसवा, सुटे पाट स्क्रूने आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर खालून मधोमध आडवी तुळई द्या, पण तिच्या खांबाखाली पाया हवा.

हो, एक राहिलं: वाकलेला मजला जॅकने एका दमात उचलू नका, भिंती तडकतात. आणि टोच्या दोन-तीन कड्यांत आत गेला, तर खोली रिकामी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वरचं सगळं त्याच्या नंतर.