डॉल्फिन गाडीची माहिती: काय सांगायचं, काय झाकायचं

सिपानी डॉल्फिन ही जुनी छोटी भारतीय गाडी घेतलीत, आता जुन्या गाड्यांच्या क्लबात प्रश्न विचाराल. नुसतं ‘गाडी तापते’ म्हणू नका. ठाण्याच्या गायमुखचा चढ चढताना तापते की सिग्नलला उभी असताना, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी की कूलंट, हे आधी सांगा.

८४८ सीसीचं हे मूळ रिलायंट या ब्रिटिश कंपनीचं इंजिन अॅल्युमिनियमचं, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओले, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे. हेड (इंजिनचं वरचं झाकण) काढून क्रँक फिरवला की लायनर सरकतात, खालचं सील सुटतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आधी बोल्ट-वॉशरने लायनर दाबून ठेवायचे. बॉडी फायबरची, तेव्हा प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर लागते. हे दडवणारा सभासद जाणकार नव्हे, कंजूष!

‘अमुक गाडीचा ब्रेक सिलिंडर बसतो’ हे मात्र ऐकीव असेल तर पुढे ढकलू नका. मास्टर सिलिंडरचा (पेडलने दाबला जाणारा मुख्य ब्रेक सिलिंडर) बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठा निघाला तर पेडल कडक होतं, तेवढ्याच जोराला ब्रेक कमी लागतो. मोजून पाहिलं असेल तरच सांगा, मापासकट.

चासी नंबर, आरसीचा फोटो, रात्री गाडी कुठे उभी असते, हे कुणालाच नाही. त्या नंबरावर दुसऱ्याच गाडीचे कागद उभे राहू शकतात. फायबरवाल्या मिस्त्रीचा फोन नंबर त्याला विचारून द्या.