पॅरिसला निघण्याआधी मागाचे दिवस मोज

नागपूर

प्रिय बेटा,

स्टॉल मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी बाजारात होते. त्या गोंगाटात धड अभिनंदनही करता आलं नाही. ते आता मनापासून करते. पहिल्याच वर्षी पॅरिसचा व्यापारी मेळा, तोही आपल्या भागाचं जंगली रेशीम, म्हणजे कोसा घेऊन, याचा मला किती आनंद झालाय हे तुला पत्रातून कळणं अवघड आहे.

स्टॉल कसा लावायचा, कार्ड कोणत्या भाषेत छापायचं, अंगावर काय घालायचं, असे बरेच प्रश्न तू विचारलेस. त्यांची उत्तरं पुढे देते. पण एक गोष्ट तू विचारली नाहीस आणि मला तिचीच काळजी लागून राहिली आहे. मेळ्यात कुणी समोर उभं राहून म्हणालं, "मला हे सहाशे हवेत, जानेवारीअखेर पाठवा," तर तू काय म्हणशील?

आत्ताच बसून हिशेब कर. तुझ्याकडे आठ माग आहेत. करवती काठाचा दोन मीटरचा स्टोल एका मागावर दिवसाला एक उतरला तरी चांगलं काम झालं म्हणायचं, कारण काठाच्या त्या करवतीच्या दातांसाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवावे लागतात आणि तिथे घाई केली की दात वाकडे येतात. महिन्याचे कामाचे दिवस बावीस धर. आठ माग, बावीस दिवस, म्हणजे 176 स्टोल. कागदावर वाटतं, साडेतीन महिन्यांत सहाशे सहज होतील.

आता कॅलेंडर उघड. मेळा सप्टेंबरचा, त्यात माल दाखवायचा तो पुढच्या वसंत-उन्हाळ्याचा, आणि दुकानांना तो फेब्रुवारीत हवा असतो. ऑर्डर पक्की होऊन आगाऊ रक्कम हातात यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. मग धागा आणणं, रंगवणं, ताणा म्हणजे उभे धागे लावणं, धोट्यात घालायच्या कांड्या भरणं, यात दोन-तीन आठवडे जातात. मधे दिवाळी. आणि भंडारा जिल्हा धानाचा आहे हे तुला मी सांगायला नको. कापणीला घरातली बायका-माणसं शेतात जातात आणि कांड्या भरणारे हातच उरत नाहीत. माग खऱ्या अर्थाने चालतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. निम्मा नोव्हेंबर, अख्खा डिसेंबर, निम्मा जानेवारी, म्हणजे साधारण साडेतीनशे स्टोल. त्यातून धुलाई, तपासणी आणि बाद होणारे नग वजा कर. तीनशे. तू पॅरिसला तीनशे स्टोल विकायला चालली आहेस, हे डोक्यात पक्कं बसव.

जानेवारीच्या मेळ्याला जाशील तेव्हा हेच गणित वेगळ्या वाटेने अडतं. तो माल हिवाळ्याचा, जुलै-ऑगस्टमध्ये पोचवायचा. म्हणजे पावसाच्या आत सगळं विणून झालं पाहिजे, कारण पावसात रंगवलेली लडी वाळत नाही आणि दमट हवेत खळ लावलेला ताणा चिकटतो.

म्हणून एक वही कर. पहिल्या पानावर मागाचे दिवस लिही, तीनशे; एका मागाचा एक दिवस म्हणजे एक स्टोल. स्टॉलवर जी ऑर्डर येईल तिचे दिवस तिथल्या तिथे वजा करायचे, पाहुण्यासमोर केलेस तरी चालेल. शून्यावर आलीस की सांगायचं, "यापुढचा माल एप्रिलमध्ये देऊ शकेन." माझ्याकडे अशी वही बरीच वर्षं आहे. ती पाहून उठून गेलेले ग्राहक फार थोडे. उलट एका जपानी बाईंनी ती हातात घेऊन पानं चाळली आणि पुढच्या हंगामाचे चाळीस दिवस स्वतःच्या नावाने लिहून घेतले.

ही वही मी शहाणपणाने केली नाही. पहिल्या मेळ्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, अर्धे स्टॉल आवरायला लागलेले असताना एका खरेदीदाराने चारशे नग मागितले, पंधरा टक्के सूट आणि जानेवारीची तारीख. तीन दिवसांत माझ्याकडे फक्त कार्डं जमली होती. मी लगेच होकार दिला. परत आले तोवर धाग्याचा भाव चढलेला. धागेवाला सूट देत नाही, रंगारी देत नाही, विमान कंपनी तर नाहीच. कमी करण्यासारखा आकडा एकच उरला होता, मजुरीचा. आमच्या जुन्या विणकर काकांना मी ते सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं, "बरं ताई" म्हणाले आणि रात्री दिव्याखाली बसून काम पुरं केलं. तरीही उशीर झाला, माल विमानाने माझ्या खर्चाने धाडावा लागला. पुढच्या हंगामात मी गेले तर त्यांच्या मुलाचा माग रिकामा होता. तो नागपूरला एका गोदामात कामाला लागला होता. चांगली विण होती त्याची. तो माग परत चालू झाला नाही.

2009-10 च्या हातमाग गणनेत देशात 43 लाखांवर विणकर आणि पूरक कामगार होते, 2019-20 च्या गणनेत 35 लाखांवर. विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या आत होतं. हे आकडे वाचताना मला तो एक रिकामा माग दिसतो, कारण तो माझ्या सहीने रिकामा झाला.

तेव्हा सुटीचं काय करायचं ते इथेच ठरव. समज, स्टोलचा भाव तू 40 युरो ठेवलास. कुणी दहा टक्के कमी करायला सांगितलं तर गेले चार युरो, म्हणजे जवळपास चारशे रुपये. आता तुझ्या हिशेबात एक स्टोल विणण्याची मजुरी किती धरली आहेस ते बघ. किंमत खाली आणायचीच असेल तर वस्तू बदल: काठ साधा कर, लांबी वीस सेंटीमीटर कमी कर, ताण्याला रेशमाऐवजी सूत घाल. भाव आणि कापड दोन्ही एकत्र उतरले पाहिजेत. भावाच्या कागदावर धागा, रंग, ताणा-कांडी, विणकाम, धुलाई, बाद नग, पॅकिंग, बंदरापर्यंतचा खर्च, बँकेचे पैसे आणि तुझा नफा, प्रत्येकाची ओळ वेगळी ठेव. ताणा आणि कांडी विणकामात मिसळू नकोस. ते काम घरातल्या बायका करतात आणि मिसळलं की ते फुकटात जातं.

तिथे येणारी बहुतेक दुकानं लहान असतात. दहा नग, पंधरा नग, पाच रंगांत. मोठ्या गिरण्यांना हे परवडत नाही, तुला परवडेल, पण त्यासाठी माल इथूनच तसा आखावा लागतो. ताणा एकच ठेव, न रंगवलेल्या कोसा रेशमाचा, आणि रंग बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यातून बदल. चाळीस मीटरच्या एका ताण्यावर हळदी, निळा, तांबूस, राखाडी असे चार रंग उतरतात आणि पाच नगांच्या ऑर्डरसाठी वेगळा ताणा बांधावा लागत नाही. प्रत्येक रंगात कोसा रेशमाची मधासारखी सोनेरी झाक राहते म्हणून सगळे स्टोल एका घरातले वाटतात. मला विचारशील तर न रंगवलेला कोसाच सगळ्यांत पुढे टांग. फक्त दिवे पिवळसर प्रकाशाचे माग. पांढऱ्या थंड उजेडात कोसा मळकट दिसतो.

लहान दुकानदार विचारतील, "माझ्या दुकानापर्यंत पोचवून किती?" मुंबई बंदरावरचा भाव सांगून त्यांचं काम भागत नाही, कस्टमची कटकट त्यांना नको असते. कुरिअर आणि तिथलं शुल्क धरून दुसरा भाव तयार ठेव. पैशाबाबत मात्र लाजू नकोस. नवीन ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घे, उरलेली माल निघण्याआधी. मोठं दुकान उधारी मागेल तर आधी पैसे बुडाले तर भरपाई देणारा, निर्यात पत हमी महामंडळाचा विमा बघ आणि मग हो म्हण.

रंगांचं काम गंभीरपणे घे. युरोपात ॲझो गटातल्या ठरावीक कृत्रिम रंगांवर बंदी आहे; त्या रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन रसायनांची मर्यादा किलोला 30 मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली तर माल विकता येत नाही. रंगाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, प्रयोगशाळेचा अहवाल सोबत ने. लेबलावर धाग्याची टक्केवारी विक्रीच्या देशाच्या भाषेत लागते, तेव्हा फ्रेंचमध्ये छापून घे.

आणि इथेच दुसरी गोष्ट आली, खरं बोलण्याची. स्टॉलवर लोक गोष्ट ऐकायला थांबतात आणि आपल्याकडे गोष्ट आहेच: जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे कोश, ते राखणारे ढिवर समाजाचे लोक, भंडाऱ्यातल्या आंधळगाव-मोहाडीचे कोष्टी विणकर. ती सांग, भरभरून सांग. पण कोश उकळून धागा काढला असेल तर त्याला "अहिंसा रेशीम", म्हणजे किडा न मारता काढलेलं, म्हणू नकोस. ताण्याला बाहेरून आलेला रेशमी धागा वापरला असेल तर तो विदर्भाचा म्हणून खपवू नकोस. कुणी मांडीवर काढलेल्या धाग्याचं कौतुक करायला लागलं तर त्या कामाने बायकांच्या मांड्या सोलवटतात आणि ते बंद व्हावं म्हणून धागा काढायची बुनियाद नावाची यंत्रं दिली जात आहेत, हेही सांग. हे ऐकून ग्राहक जात नाही. तो आणखी दोन प्रश्न विचारतो आणि मग बसतो.

धागा कुठे जाड-बारीक दिसला की "हा दोष आहे का?" असं हमखास विचारतील. "हातमागाचं असंच असतं" एवढंच बोलून सुटायचं नाही, कारण त्या एका वाक्याआड आपण खरे दोषही लपवत आलो आहोत. गाठ, तुटलेला ताणा, वाकडा काठ, डाग, हे दोषच. धाग्याची जाडी आणि रंगातला थोडा फरक हा कापडाचा स्वभाव. किती फरक चालेल हे दाखवणारे तीन तुकडे, फिका, नेमका आणि गडद, एकत्र टाचून ने. ग्राहकाने पसंत केलेल्या नमुन्याचे दोन भाग करून दोन्हींवर दोघांच्या सह्या, एक त्याच्याकडे, एक तुझ्याकडे. पुढे वाद झाला तर तोच तुकडा कामी येतो.

आता तुझे बाकीचे प्रश्न. चेन्नईच्या हातमाग निर्यात परिषदेचं सदस्यत्व घेतलंस हे बरं केलंस. 1965 पासूनची संस्था आहे, त्यांच्यामार्फत गेलं की खर्चाचा काही भाग परत मिळू शकतो, पण तो नंतर, कागद दाखवल्यावर. बोर्डिंग पासची ती लहानशी चिठ्ठी फेकू नकोस. नमुने एटीए कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरता माल नेण्याच्या कस्टमच्या कागदावर, नेणार असशील तर तो फिक्की या उद्योगांच्या संघटनेकडून काढ आणि लक्षात ठेव, त्या कागदावर गेलेला प्रत्येक नग परत आला पाहिजे. शेवटच्या दिवशी कुणी कितीही गोड बोलून रोख पैसे पुढे केले तरी नमुना विकू नकोस. कार्ड इंग्रजीत आणि मागे फ्रेंचमध्ये. अंगावर आपलाच स्टोल, साधे कपडे, आणि बूट आरामाचे, दिवसभर उभं राहायचं आहे. भारतातून गेलेले बरेच जण खुर्चीत बसून फोन बघतात आणि मग गर्दी नव्हती असं म्हणत परततात. तू उभी राहा आणि कापड लोकांच्या हातात दे. कोसा डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो.

पहिल्या वर्षी फार ऑर्डर आल्या नाहीत तर रडू नकोस. चांगले खरेदीदार पहिल्या वर्षी नुसते बघतात आणि दुसऱ्या वर्षी तू परत आलीस का ते बघतात. म्हणून घरच्यांशी बोलताना एका वारीचे नाही, तीन वाऱ्यांचे पैसे बाजूला काढायला सांग. तेवढे नसतील तर या वर्षी थांबलीस तरी मला वाईट वाटणार नाही, मी तुझ्यासाठी पुढच्या वर्षीही आहे.

येत्या रविवारी भावाचा कागद आणि सगळे नमुने घेऊन घरी ये. येताना आंधळगाववरून ये आणि विणकरांना विचार, कापणीचे नेमके किती दिवस ते मागावर बसणार नाहीत. मी धरलेले दिवस अंदाजाचे आहेत. त्यांनी सांगितलेला आकडा वहीत लिही, मग आपण त्यावरून तीनशेचा आकडा दुरुस्त करू.

तुझी
मावशी